शिलाँगच्या इयुदुहमध्ये जाताना

शिलाँगला गेलात तर इयुदुह, म्हणजेच बडा बाजार, सकाळीच गाठा. रविवार टाळा, त्या दिवशी बहुतेक दुकानं बंद असतात. गावाकडच्या खासी, म्हणजे इथल्या आदिवासी समाजाच्या, बाजाराला जायचं असेल तर तारीख स्थानिकांना विचारूनच ठरवा. खासी आठवडा पारंपरिकरीत्या आठ दिवसांचा, त्यामुळे असा बाजार दर वेळी एक वार पुढे सरकतो. गेल्या वेळी सोमवारी भरला असेल, तर पुढचा मंगळवारी.

गल्ल्या अरुंद, उताराच्या आणि ओल्या असतात. न घसरणारे बूट घाला. पाठीवर शंकूच्या आकाराची टोपली घेऊन, तिचा पट्टा कपाळावर अडकवून हमाल झपाझप येतात. हाक ऐकू आली की लगेच भिंतीला चिकटून वाट द्या. ओझं घेऊन उतारावर थांबणं त्यांना फार जड जातं.

इथला बराचसा व्यापार बायकांच्या हाती आहे. त्यांना 'कोंग', म्हणजे ताई, म्हणून हाक मारा, निघताना 'खुब्लेई', म्हणजे धन्यवाद, म्हणा. फोटो विचारूनच काढा, त्या काही आपल्या सहलीची सजावट नव्हेत. सुटे पैसे जवळ ठेवा. जैंतिया टेकड्यांतली लाकाडोंग हळद, तमालपत्र आणि मिरी आवर्जून घ्या. या हळदीचा रंग गडद असतो, भाजीत नेहमीपेक्षा कमीच घाला.

भूक लागली तर जादोह खा, पण हा मांस घालून केलेला भात, बहुधा डुकराच्या मांसाचा. शाकाहारी असाल तर आधी स्पष्ट विचारा. 'क्वाई', म्हणजे पान, चुना आणि ओली सुपारी, कुणी प्रेमाने पुढे केली तर अगदी छोटा तुकडा चघळा. सवय नसेल तर अंगाला घाम फुटतो आणि गरगरतं.