सेव्हन-रेप्लिकात ड्युराटेक बसवताना

लोटस सेव्हन या छोट्या उघड्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीवरच्या रेप्लिकात फोर्डचं 2.0 लिटर ड्युराटेक एचई इंजिन उतरवणं, हा या कामातला सोपा भाग. फोर्डच्या मॉन्डिओ गाडीत हे इंजिन आडवं बसतं, इथे गाडीच्या लांबीत बसवायचं असतं. त्यामुळे चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं), पाण्याचा मार्ग आणि वायरिंग सगळंच बदलतं.

इंजिन घेण्याआधी ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं ठरवा. मूळ ईसीयू चावीच्या इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या कुलपाशी) बांधलेला असतो. जोडीची चावी नसेल तर सेल्फ फिरेल, इंजिन चालू होणार नाही. स्वतंत्र प्रोग्रॅमेबल ईसीयू घेतलेला बरा. काहीही केलं तरी सगळे सेन्सर घ्या आणि प्रत्येक कनेक्टरला वीतभर वायर ठेवूनच कापा.

गिअरबॉक्ससाठी तिसऱ्या पिढीच्या माझदा एमएक्स-5चा विचार करा, तिचं 2.0 इंजिन याच कुळातलं आहे. फोर्डचा टाइप 9 गिअरबॉक्स हवा असेल तर वेगळं बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) लागतं.

इंजिन-गिअरबॉक्स जोडूनच चॅसिसमध्ये ठेवा. आधी माउंटिंगला वेल्डिंगचे फक्त टाके मारा. बॉनेट बंद होतं का, स्टीअरिंग कॉलम एक्झॉस्टपासून लांब आहे का हे पाहून मग पूर्ण वेल्ड करा. इंजिनच्या सर्वांत उंच जागी मातीचा गोळा ठेवून बॉनेट दाबा; 20 मिमीपेक्षा पातळ चेपला तर इंजिन हलताना घासणारच. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि 1 ते 3 अंशांच्या दरम्यान ठेवा, नाहीतर वेगात थरथर येते.

मूळ चेंबर चॅसिसच्या खाली लोंबतं. ते कापून उथळ करताना ऑइल पिकअपही (ऑइल ओढणारी नळी) तेवढाच वर घ्यावा लागतो. चेंबरचा तळ आणि पिकअपची जाळी यांच्यात 6 ते 10 मिमी सोडा. आत आडपडदे नसतील तर जोरदार वळणावर ऑइल एका बाजूला जातं आणि बेअरिंग कोरडी पडतात.

पाणी हेडच्या मागच्या टोकातून, फायरवॉलच्या बाजूने बाहेर येतं. ते पाइपने पुढे आणा आणि एक्स्पान्शन टँक सर्वांत उंच ठेवा, म्हणजे हवा अडकणार नाही.

आता क्रँक पुलीचा बोल्ट. जुन्या इंजिनांवर हात बसलेला माणूस हमखास इथे फसतो. या क्रँकला पुली अडकवून ठेवणारी चावी-खाच (की-वे) नाही. पुली आणि चेनचं स्प्रॉकेट निव्वळ बोल्टच्या दाबावर धरलेलं असतं. बोल्ट सैल केला की क्रँक आणि कॅम यांचं टायमिंग गेलं समजा. म्हणून आधी पहिला सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन सर्वांत वर) आणा, ब्लॉकमध्ये टीडीसी पिन घाला, कॅमच्या मागच्या खाचांत 5 मिमीची पट्टी बसवा. पुली मात्र वेगळ्या हत्याराने धरा. पिनवर जोर आला तर पिन तुटते. बोल्ट नवाच वापरा: 100 न्यूटन-मीटर आणि वर 90 अंश. ईसीयूला क्रँकची स्थिती कळवणाऱ्या ट्रिगरचे 36-1 दातेही (36 जागा, एक दात गाळलेला) याच पुलीवर असल्यामुळे बसवताना तिच्या भोकातून एम6 बोल्ट पुढच्या कव्हरमध्ये घालून ती जागेवर धरा, आणि शेवटचा टॉर्क झाल्यावर तो काढा.

फायबरग्लास बॉडीतून अर्थिंग मिळत नाही. इंजिन रबरावर असतं, तेव्हा ब्लॉकपासून चॅसिसपर्यंत जाड केबल टाका. नाहीतर सेल्फचा करंट क्लचच्या केबलमधून वाट काढतो आणि ती तापते.

पहिल्यांदा प्लग काढून, इंजेक्टर बंद ठेवून, ऑइल प्रेशर येईपर्यंत सेल्फ मारा. इंजिन चालू झालं की ईसीयूत ठिणगीचं टायमिंग 10 अंशांवर लॉक करून टायमिंग लाइटने पडताळा. फरक दिसला तर ईसीयूतला ट्रिगर ऑफसेट बदला, पुलीला हात लावू नका.