मशीनशिवाय संत्र्याचं आईस्क्रीम: या चुका टाळा

मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्याची) संत्री बाजारात आली की दरवर्षी मैत्रिणींकडून एकच तक्रार ऐकू येते. क्रीम फेटलं, कंडेन्स्ड मिल्क घातलं, ताज्या संत्र्यांचा रस घातला, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं आणि सकाळी बघावं तर वर चुरचुरीत बर्फ, खाली दगड. हेच आंब्याचं केलं तर झकास जमतं. मग संत्र्याचंच काय बिघडतं?

आंब्याचा रस म्हणजे गर असतो. संत्र्याच्या १०० ग्रॅम रसात मात्र ८७-८८ ग्रॅम नुसतं पाणी असतं. पॉटमध्ये आईस्क्रीम करायचो तेव्हा हे पाणी चालून जायचं. बादलीत बर्फ आणि खडे मीठ, मध्ये डबा, आणि आळीपाळीने हँडल फिरवायचं. आतलं पातं डब्याच्या भिंतीला धरलेला बर्फ सतत खरवडून काढायचं आणि त्याच वेळी मिश्रणात हवा भरायचं. पॉट गेला की ही दोन्ही कामं दुसऱ्या कुणीतरी करायला हवीत. हवा फेटलेल्या क्रीममधून येते. बर्फाचे खडे बारीक ठेवण्याचं काम साखर आणि स्निग्धांश करतात, पण त्यांना पेलेल इतक्याच पाण्याचं. संत्र्याच्या आईस्क्रीमच्या बहुतेक चुका या पाण्याच्या हिशेबातच होतात.

माझं प्रमाण असं आहे: ३५ टक्के फॅटचं व्हिपिंग क्रीम २५० मिली, कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम, तीन संत्र्यांच्या सालीचा कीस, आटवलेला रस १०० मिली, एक टेबलस्पून लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. सुटी साखर अजिबात नाही.

ताजा रस तसाच ओतणे

वाटीभर रस तसाच ओतणं ही सगळ्यात मोठी चूक. "संत्र्याचं आहे, मग रस भरपूर हवा" असं वाटणं साहजिक आहे, पण संत्र्याचा वास रसात कमी आणि सालीत जास्त असतो. साल सोलताना बोटांवर बारीक तुषार उडतात ना, तेच ते तेल. दोन चमचे कीस जे काम करतो ते दोन वाट्या रसाला जमत नाही. म्हणून वास सालीतून घ्यायचा आणि रस आंबटगोडपणापुरता, तोही पाणी कमी करून.

पाणी कमी करण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली म्हणजे ४०० मिली रस पसरट स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर १०० मिली होईपर्यंत आटवायचा. ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, आंबट रस त्याला लागतो. ही पद्धत सोपी आहे, पण उकळण्याने ताजेपणा जातो आणि थोडी मुरंब्यासारखी चव येते.

दुसरी मला जास्त आवडते. शाळेबाहेर प्लॅस्टिकच्या नळीतला पेप्सीकोला मिळायचा, आठवतो? चार वेळा चोखला की रंग आणि गोडी तोंडात यायची आणि नळीत पांढरा, बेचव बर्फ उरायचा. तेच इथे करायचं. रस गाळून डब्यात घट्ट गोठवा. मग तो गोठलेला ठोकळा चाळणीत ठेवून खाली भांडं ठेवा. सुरुवातीला जे थेंब पडतात ते गडद आणि गोड असतात. ४०० मिलीतले पहिले १००-१२५ मिली जमले की थांबा. चाळणीत उरलेला फिकट बर्फ सरबतात टाका. आच लागलेली नसल्याने ताज्या फळाची चव टिकते.

कडूपणा कुठून येतो

मोसंबीचा रस काढून अर्धा तास ठेवला की कडवट होतो, हे घरोघरी माहीत आहे. नागपुरी संत्र्याचंही तसंच आहे. बिया आणि पांढऱ्या पापुद्र्यात एक घटक असतो जो मुळात कडू नसतो. रसाच्या आंबटपणात मिसळला की त्याचं हळूहळू लिमोनिन होतं आणि ते कडू लागतं. आच दिली की ही क्रिया आणखी वेगाने होते. म्हणजे रस काढताना चाखला तर गोड आणि आईस्क्रीममध्ये कडू, हा भास नाही.

यात मिक्सरचा हात मोठा असतो. फोडी बियांसकट फिरवल्या की सगळा कडूपणा रसात उतरतो. संत्रं आडवं कापून हाताने हलकं पिळा, शेवटच्या थेंबासाठी जीव काढू नका, लगेच गाळा आणि लगेच वापरा किंवा गोठवा. फळ पूर्ण पिकलेलं घ्या, पिकत जाईल तसा हा घटक कमी होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली आंबिया बहाराची सुरुवातीची हिरवट संत्री यासाठी नकोत. फेब्रुवारी-मार्चची मृग बहाराची पूर्ण पिकलेली फळं त्यापेक्षा कितीतरी बरी.

सालीचंही असंच. फक्त वरचा नारिंगी थर हवा, पांढरा भाग आला की कडू. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि फुगीर असते, त्यामुळे किसणीवर दबते आणि फाटते. माझ्या वरूडच्या मावशीने सांगितलेली युक्ती अशी की संत्री तासभर फ्रीजमध्ये थंड करायची आणि सोलायच्या आधी, अख्ख्या फळावरच किसणी फिरवायची. फळ स्थिर आणि किसणी हलकी, एका जागी एकदाच. किन्नू या संकरित संत्र्याची साल घट्ट असते, किसायला सोपी, पण चकाकणारं फळ असेल तर त्यावर मेण असू शकतं. कोमट पाण्यात घासून धुवा, पुसून कोरडं करा.

कीस थेट क्रीममध्ये टाकू नका. कंडेन्स्ड मिल्कमध्ये मिसळून तासभर मुरू द्या. साखर आणि स्निग्धांश सालीचं तेल ओढून घेतात. झाकण उघडल्यावर जो दरवळ येतो तो कुठल्याच इसेन्समध्ये नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की इसेन्स घालायचं असेल तर संत्र्यांवर पैसे खर्च करू नयेत.

कडू झालंच तर पूर्ण उपाय नाही. मिठाची आणखी एक चिमूट कडूपणा दबवते, तेवढं करून बघा.

चुकीचं क्रीम आणि चुकीचं फेटणं

किराणा दुकानात सहज मिळणारं छोट्या पॅकमधलं फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के फॅटचं असतं. ते पंजाबी भाजीला छान आहे, पण कितीही फेटलं तरी फुलत नाही. हवा धरून ठेवायला निदान ३० टक्के फॅट हवं, ३५ असेल तर निश्चिंत. पॅकवरचा आकडा वाचूनच घ्या.

घरच्या सायीने करता येईल का, हे हमखास विचारलं जातं. नाही. तापवलेल्या दुधावरची साय गोळा झालेली असते. ती फेटली की फुलत नाही, लोणी होते.

बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारं नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम पटकन फुलतं, उन्हाळ्यातही टिकतं. पण ते वनस्पती तेलाचं आणि आधीच गोड असतं. ते घेतलं तर कंडेन्स्ड मिल्क निम्मं करा. माझ्या जिभेला त्याचा तेलकट थर जाणवतो आणि संत्र्याची नाजूक चव त्याखाली दबते, म्हणून मी ते वापरत नाही. दुकानातल्या ज्या डब्यावर आईस्क्रीमऐवजी "फ्रोझन डेझर्ट" लिहिलेलं असतं, त्यातही दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल असतं.

आता फेटण्याकडे वळू. क्रीम, भांडं, बीटरची पाती, सगळं थंडगार हवं. मे महिन्यात मी भांडं अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवते आणि फेटताना ते बर्फाच्या पाण्याच्या परातीत बसवते. सुरुवातीला मोठे बुडबुडे, मग बारीक फेस, मग बीटरच्या मागे पुसट रेघा उमटायला लागतात. रेघा मोडेनाशा झाल्या, पातं वर उचललं आणि टोक उभं राहून किंचित वाकलं की बंद करा. इथून पुढची वीस-तीस सेकंद धोक्याची. मी एकदा दाराची बेल वाजली म्हणून बीटर हातात तसाच चालू ठेवून वळून पाहिलं, तेवढ्यात आवाज बदलला. मऊ सरसर जाऊन चिकचिक यायला लागली आणि वळेपर्यंत क्रीम पिवळट, रवाळ झालं होतं. ताक घुसळणाऱ्या कुणीही तो आवाज ओळखला असता. लोणी यायला लागलं होतं.

नुसतं रवाळ झालं असेल तर दोन-तीन चमचे थंड, न फेटलेलं क्रीम घालून चमच्याने हलकेच ढवळा, बऱ्याचदा सावरतं. पाणी वेगळं सुटलं असेल तर परत येणार नाही. तसंच पुढे फेटून लोणी काढा.

आंबट कधी आणि कशात घालायचं

संत्रा बासुंदी करणाऱ्याला हा नियम ठाऊक असतो: बासुंदी पूर्ण गार झाल्याशिवाय फोडी घालायच्या नाहीत, नाहीतर दूध फाटतं. इथेही तसंच. आटवलेला रस गरम असताना ओतला तर फाटण्याची भीती आणि क्रीम वितळण्याची खात्री. रस फ्रीजमध्ये गार करून घ्या.

क्रमही महत्त्वाचा. रस आणि लिंबू दोन्ही आधी कंडेन्स्ड मिल्कमध्ये, कधीही फेटलेल्या क्रीममध्ये नाही. क्रीमवर थेट आंबट पडलं की ते घट्ट होऊन दाणेदार होतं. कंडेन्स्ड मिल्कमधलं प्रथिनही आंबटाने घट्ट होतं, पण भरपूर साखरेमुळे त्याचे दाणे होत नाहीत. हे बघायचं असेल तर २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कमध्ये चार टेबलस्पून कागदी लिंबाचा रस घालून ढवळा. दोन-तीन मिनिटांत ते सैलसर चक्क्यासारखं होतं, चमच्यावरून पडताना घडी घालत पडतं.

म्हणून पहिल्यांदाच करत असाल तर संत्र्याऐवजी लिंबाचं करा असंच मी सांगेन. लिंबू इतकं आंबट असतं की थोड्या रसात काम होतं, आटवण्याची भानगड नाही आणि पाण्याचा हिशेब आपोआप जमतो. एप्रिल-मेमध्ये लिंबं महाग असतात खरी, पण चार-पाच पुरतात.

मिश्रण चाखताना ते थोडं जास्त गोड आणि जास्त आंबट लागलं पाहिजे. गार झाल्यावर जिभेला दोन्ही कमी जाणवतं. नेमकं बरोबर लागतंय म्हणून खूश झालात तर उद्या ते फिकं लागेल. रंगाचं मात्र मनावर घेऊ नका, खऱ्या रसाने फिकट सायीचा पिवळा रंग येतो, भगवा येत नाही.

मिसळताना आधी एक डाव क्रीम कंडेन्स्ड मिल्कमध्ये घालून ते सैल करा, मग उरलेलं दोन वेळा, खालून वर, हलक्या हाताने. बीटर नको, एवढी भरलेली हवा निघून जाईल.

फोडी घालण्याचा मोह

संत्र्याच्या फोडी आत घातल्या की प्रत्येक फोड दाताखाली बर्फाचा खडा होते. फोडी हव्याच असतील तर वाढताना वरून घाला. आत काही हवं असेल तर मार्मलेडचे, म्हणजे संत्र्याच्या सालीच्या जॅमचे, चमचे मध्ये मध्ये सोडा, त्यातल्या साखरेमुळे ते गोठून कडक होत नाही.

फ्रीझरमधल्या चुका

जितकं पटकन गोठेल तितके बर्फाचे कण बारीक. म्हणून खोल प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी पसरट स्टीलचा डबा घ्या, आधी थंड करा, पृष्ठभागाला चिकटून बटर पेपर लावा आणि फ्रीझरच्या मागच्या बाजूला ठेवा. उणे १८ अंशांना सात-आठ तास पुरतात. एकदारी फ्रीजचा फ्रीझर एवढा थंड होत नाही. बटण आदल्या रात्रीच सर्वांत थंडवर करून ठेवा आणि पूर्ण दिवस द्या. तरीही मऊच राहिलं तर कंडेन्स्ड मिल्क जास्त पडलं आहे का बघा, साखर जास्त झाली की मिश्रण गोठत नाही.

वीज गेली तर दार उघडून बघू नका. पूर्ण वितळलं असेल तर त्यातली हवा गेली, पुन्हा गोठवलं तर दगडच होणार. थंड आहे तोवर दूध घालून मिल्कशेक करून त्याच दिवशी संपवा.

आणि ज्यांचा डबा आत्ताच दगड होऊन बसलाय त्यांनी तो टाकू नये. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात अर्धा तास ठेवा, सुरीने तुकडे करा, दोन टेबलस्पून कंडेन्स्ड मिल्क घालून थंड केलेल्या मिक्सरच्या भांड्यात थांबत थांबत फिरवा आणि वितळू न देता लगेच परत गोठवा. पहिल्यासारखं हलकं होणार नाही, पण चमचा आत जाईल.

वाढण्याआधी डबा बाहेर ओट्यावर नाही, फ्रीजमध्ये दहा मिनिटं ठेवा, म्हणजे कडा वितळून मधला भाग कडक असं होत नाही. आठवड्याभरात संपवा. त्यानंतर ते खराब होत नाही, पण सालीचा वास उतरत जातो.