वाट कुणाच्या कामाची, ते आधी विचारा

हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी प्रबळगडाच्या पायथ्याला ठाकूरवाडीत गाडी लावायला जागा मिळत नाही. वर कलावंतीण सुळक्याच्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकमेकांना वाट देत ताटकळत असतात. त्याच वेळी समोरच्या डोंगरावर, माथेरानच्या पश्चिम कड्याखालून पायथ्याच्या धोदाणी गावची एखादी मावशी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन शांतपणे चढत असते. तिच्या मागेपुढे तासभर कुणी नसतं. दोन्ही ठिकाणं पनवेलपासून सारखीच जवळ आहेत.

मी पनवेलला राहते, नोकरी बेलापूरला, हक्काची सुट्टी रविवारची. लांबच्या डोंगरांसाठी रात्रीचा प्रवास करणं मला जमत नाही, म्हणून घराजवळच्या वाटा शोधायची सवय लागली. त्या कशा शोधायच्या ते माथेरानचं उदाहरण घेऊन सांगते, कारण हा डोंगर मी चारही बाजूंनी चढले आहे आणि अजूनही चढते.

सह्याद्रीत आणि त्याच्या या बाजूच्या डोंगरांत वाट आपोआप टिकत नाही. एका पावसाळ्यात गवत कमरेइतकं होतं, कारवी दोन्ही बाजूंनी झुकते, ओढा काठ खाऊन टाकतो. दिवाळीत जी वाट मळलेली दिसते तिच्यावरून पावसातही कुणीतरी येत-जात होतं, एवढं नक्की समजा. म्हणून आधी ‘वाट कुठं आहे’ हे विचारू नका. ‘या डोंगरावर कुणाचं काय काम आहे’ हे विचारा. दूध घालायला कोण जातं? हॉटेलात कामाला कोण? गुरं कुठं चरतात? लेकी कुठल्या वाडीत दिल्यात? जत्रा कुठल्या देवाची? काम सापडलं की वाट सापडते.

माथेरानला हे फार स्वच्छ दिसतं. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली पायथ्याच्या चौक गावाच्या बाजूनं इथं चढले आणि माथेरानचा ‘शोध’ त्यांच्या नावावर लागला. ठाकर, कातकरी, धनगर त्याआधीपासून या डोंगरावर वावरत होतेच, आणि साहेब चढले ते या लोकांच्या वाटांनीच. 1907 साली नेरळहून छोटी रेल्वे आली, पुढे दस्तुरीपर्यंत, म्हणजे माथेरानच्या वेशीवरच्या गाडीतळापर्यंत, गाडीरस्ता झाला, आणि पाहुण्यांची सगळी गर्दी त्या एका बाजूला गेली. पण डोंगराभोवतीच्या वाड्या होत्या तिथंच राहिल्या. वर हॉटेलं आहेत, म्हणजे भाजी, दूध, मजुरी आहे. म्हणून धोदाणीतून सनसेट पॉइंटला वाट चढते, चौकच्या बाजूनं वन ट्री हिल आणि रामबागला, भिवपुरीकडून सागाची वाडीमार्गे गार्बेटच्या पठारावर. यातली गार्बेटची वाट आता पावसाळ्यात गजबजते. बाकीच्या वर्षभर कामाच्या माणसांच्याच आहेत.

कुणाला विचारायचं, काय विचारायचं

माझी सुरुवात बाजारात होते. पहिल्या पावसाबरोबर मंडईच्या कडेला, गाळ्यांच्या बाहेर, शेवळं घेऊन बायका बसतात. मग टाकळा येतो, कुर्डू येतो, कंटोळी येतात. आधी भाजी घ्या, ती कशी करायची ते विचारा (शेवळं खाजरी असतात, काकडं किंवा चिंच लागते, हे त्या न विचारताही सांगतात), आणि मग कुठल्या वाडीच्या, इथवर कशा आलात, असं बोलणं काढा. ‘डोंगर उतरून आलो’ असं उत्तर आलं की तुम्हाला वाट मिळाली. घाईत असतील तर पुढच्या आठवड्यात परत जा.

दुसरं माणूस म्हणजे एसटीचा कंडक्टर. सकाळच्या पहिल्या गाडीला कुठल्या थांब्यावर पाट्या चढतात आणि संध्याकाळी कुठं उतरतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. फाट्यावर बाइक लावून बसलेल्या पोरांना मात्र शक्यतो वाट विचारू नका. मनापासून सांगतात, पण बरेचदा ती त्यांनी लहानपणी कधीतरी पाहिलेली असते.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. ‘माथेरान किती लांब?’ म्हटलं की ‘हे काय, इथंच’ हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी विचारा, ‘मावशी, घरातून किती वाजता निघता आणि वर किती वाजता पोचता?’ आता आकडा मिळतो. त्यांचे दीड तास म्हणजे आपले अडीच, हे धरून चाला; त्या ओझं घेऊन जातात आणि तरीही आपल्यापेक्षा भराभर चढतात. पुढचा प्रश्न, ‘पावसात याच वाटेनं जाता का?’ उत्तर ‘नाही, तेव्हा पलीकडनं’ असं आलं तर मधे ओढा तरी आहे किंवा निसरडा कातळ. मग, ‘होळीच्या सुमारास पाणी कुठं असतं?’ आणि सगळ्यात महत्त्वाचा, ‘नवा माणूस कुठं चुकतो?’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारलात तर समोरची बाई थांबते, पाटी खाली ठेवते आणि हातवारे करून सांगते, की टाकीच्या पुढं आंबा येईल, तिथं रुंद वाट उजवीकडं जाते ती गुरांची, तुम्ही बारीक वाटेनं डावीकडं व्हा. हे एक वाक्य कुठल्याही नकाशात नसतं.

नकाशा, पण ऐकून झाल्यावर

नाव आणि दिशा कळली की घरी बसून नकाशा उघडा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की 1:50,000 प्रमाणाच्या टोपोशीट, म्हणजे डोंगराचे चढउतार दाखवणारे नकाशे, पीडीएफमध्ये उतरवून घेता येतात. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. माथेरान जुन्या क्रमांकाच्या 47 एफ/5 शीटवर पार पश्चिम कडेला येतं, त्यामुळे धोदाणीच्या बाजूसाठी शेजारची 47 एफ/1 लागते आणि नेरळ तर वरच्या 47 ई/8 मध्ये आहे. आपला डोंगर नेहमी शीटच्या सांध्यावरच का येतो कोण जाणे, पण दोन शीट शेजारी लावून पाहायची तयारी ठेवा.

टोपोशीटवर तीन गोष्टी बघा. समोच्च रेषा, म्हणजे त्या तपकिरी रेषा, 20 मीटरच्या अंतरानं असतात. जिथं त्या एकमेकींना चिकटतात तिथं कडा आहे. माथेरानभोवती असा चिकटलेला पट्टा जवळपास सलग फिरतो. त्यात जिथं रेषा जरा सैल होतात, एखादी सोंड (डोंगराची लांब धार) खाली उतरते किंवा नाळ (कड्यातली अरुंद घळ) आत घुसते, तिथून वाट असणार. दुसरं, तुटक लाल रेषा म्हणजे पायवाटा. पाहणी जुनी असल्यामुळे काही मोडल्यात, पण जिथं कधीकाळी वाट होती तिथं चौकशी करण्यात अर्थ असतो. तिसरं, ओढ्याचा रंग. निळा ओढा पाण्याचा, काळा कोरडा. उन्हाळ्याच्या तोंडावर काळ्या ओढ्याच्या भरवशावर एक बाटली घेऊन कुणी निघू नये.

मग गूगल अर्थ. कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत जुन्या तारखांची चित्रं बघता येतात. फेब्रुवारी ते एप्रिलमधलं चित्र निवडा. गवत वाळलेलं असतं, पानं झडलेली असतात, आणि सोंडेवरची वाट पांढरट रेघ होऊन दिसते. दाट झाडीत ती हरवते. पण झाडीच्या खाली एक टोक आणि वर दुसरं टोक दिसलं तर मधला भाग मावशीच्या सांगण्यावरून जोडता येतो. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा. ओएसएमअँडसारखं अॅप त्यासाठी पुरतं. डोंगराच्या आडोशाला रेंज जाते, जीपीएस जात नाही.

क्रम मात्र हाच ठेवा. आधी नकाशा बघून मग वाडीत गेलात की आपण आपलीच रेघ लोकांकडून वदवून घेतो. ‘इथून वाट आहे ना?’ म्हटलं की भिडेखातर ‘आहे की’ म्हणणारी माणसं जागोजाग आहेत.

पायाखालची वाट ओळखणं

खरी कसोटी डोंगरावर असते, आणि ती म्हणजे ढोरवाट आणि माणसाची वाट यांतला फरक. गुरांची वाट रुंद, ऐसपैस आणि फसवी. ती चढत नाही, पदरानं, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवरून, आडवी फिरते, फुटते, परत मिळते आणि शेवटी पाण्यावर किंवा गवतात संपते. माणसाची वाट अरुंद असली तरी उंची सोडत नाही. अवघड जागी एखादा दगड मुद्दाम बसवलेला असतो, कातळात पाऊल मावेल एवढी खोबण असते. बांगडीचा तुकडा, तंबाखूची पुडी, कोयत्यानं तिरपी छाटलेली फांदी दिसते.

फांद्यांकडे नीट बघा. धोदाणीच्या वाटेवर झाडीतल्या टप्प्यात हे मला पहिल्यांदा लक्षात आलं. फांद्या माझ्या डोक्याच्या बऱ्याच वरपर्यंत साफ केलेल्या होत्या. नुसत्या चालणाऱ्या माणसाला एवढी उंची लागत नाही. डोक्यावर भारा किंवा पाटी असणाऱ्याला लागते. तेव्हापासून फाट्यावर शंका आली की मी खाली बघण्याआधी वर बघते. जिथं फांद्या कपाळाला लागतात ती गुरांची, जिथं वर मोकळं आहे ती ओझ्याची. ओझ्याची वाट गावाला जाते.

वाट दहा-पंधरा मिनिटं खुणेशिवाय गेली तर शेवटच्या खात्रीच्या जागी परत या. रेटून वर चढू नका. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, आणि वाळल्या गवतावर चढणं जमतं, उतरणं जमत नाही.

याच कारणानं माझा नियम आहे: चढताना अनोळखी वाट, उतरताना ओळखीची. सोंडेवर चढताना खालच्या फाट्या वर एकत्र येतात, उतरताना त्याच फाट्या फुटत जातात आणि दुपारच्या थकव्यात नेमकी चुकीची धरली जाते. माथेरान यासाठी आदर्श आहे. कुठूनही चढा, वर जेवण मिळतं, दस्तुरीहून नेरळला टॅक्सी मिळते, नेरळहून लोकल. वर प्रवेशकर मागितला तर मुकाट पावती फाडा, मागच्या दारानं आलो म्हणून चुकवायचा नसतो.

कधी जायचं, कधी नाही

दसऱ्यानंतर होळीपर्यंत. कोकणाच्या बाजूला मार्चपासून दहा वाजताचं ऊनही सोसत नाही. त्यात वणवे लागतात, आणि सोंडेवर गवत पेटलं तर पळायला जागा नसते. एकट्यानं नवी वाट करू नका, तिघं बरे. घरी वाटेचं नाव, वाडीचं नाव आणि परतीची वेळ लिहून ठेवा. 112 आणि 108 हे मदतीचे दोन्ही नंबर लागतात, पण मदतीला येणाऱ्याला तुम्ही कुठल्या वाडीच्या वर आहात हे सांगता आलं पाहिजे. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर आवाज नाही, धूर नाही, अत्तर नाही. दगडात हात घालण्याआधी काठीनं चाचपा, फुरसं हा विषारी साप तिथंच असतो.

पावसाळ्याबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. 19 जुलै 2023 च्या रात्री चौकजवळ इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाडीला मोटाररस्ता नव्हता. मदतीची माणसं त्या चिखलातून, पावसातून पायवाटेनं चढून गेली. इर्शाळगडाला जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याच वाडीत पाणी प्यायलेलं आहे. जोराच्या पावसाचा इशारा असेल त्या दिवशी या वाड्यांमध्ये फिरायला जाऊ नये. आपण अडकलो तर आपल्याला शोधायला आधी त्याच लोकांना घराबाहेर पडावं लागतं.

एरवी जाल तेव्हा वाडीतून मोठ्यानं गाणी लावत जाऊ नका, विहिरीवर बायका असतील तर आधी विचारून मग पुढं व्हा. पहिल्या खेपेला वाडीतलं कुणीतरी बरोबर घ्या आणि दिवसाची मजुरी निघण्याआधी ठरवा. चहा दिला तर त्याचे पैसे ते घेत नाहीत. पुढच्या वेळी पोरांसाठी वह्या न्या. आणि वाटेचा जीपीएस ट्रॅक सगळ्यांसाठी टाकण्याआधी वाडीत विचारा. काहींना येणारी माणसं हवी असतात, कारण जेवणाचे चार पैसे मिळतात. काहींना नको असतात. दोन्ही उत्तरं मान्य करायची.

माथेरान जवळ नसेल तरी रीत हीच. नाशिककरांनो, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला गर्दी लोटते. तीच वाट मार्गशीर्षात चालून बघा. कर्जतकरांसाठी खांडसहून भीमाशंकरला चढणारे गणेश घाट आणि शिडी घाट आहेत, महाशिवरात्रीच्या यात्रेकरूंचे. त्यातला शिडी घाट नवख्यांनी सोडावा. वर अभयारण्य लागतं, तिथले वनखात्याचे नियम आधी माहीत करून घ्या.

पनवेल-नवी मुंबईकरांनी मात्र धोदाणीपासूनच सुरुवात करावी. पनवेलच्या स्टँडवर जाऊन धोदाणीच्या गाडीची वेळ आदल्या दिवशी खिडकीवर विचारा, मोबाइलवर बघून अंदाज बांधू नका. माणशी तीन लिटर पाणी. गाडीतून उतरल्यावर लगेच चालायला लागू नका. दहा मिनिटं थांबा. पाटी घेतलेलं कुणीतरी त्याच गाडीतून उतरलेलं असेल, नाहीतर समोरच्या घरातून निघत असेल. त्यांना विचारा, बरोबर येऊ का म्हणून.