हीटर प्लगची तपासणी: आदल्या रात्री काय काय हाताशी ठेवाल

दुपारी उन्हात उभी असलेली गाडी अर्ध्या सेल्फवर घेते, आणि पहाटे चारला कांदा भरून मार्केट यार्डाला निघायचं म्हटलं की बॅटरी उतरेपर्यंत घेत नाही. ज्यांच्या जुन्या डिझेल पिकअपचं असं होतंय, त्यांनी हीटर प्लगच्या तपासणीची सगळी तयारी आदल्या रात्रीच करून ठेवावी. कारण हा रोग फक्त पहिल्या गार सेल्फला दिसतो. धक्का मारून गाडी एकदा चालू झाली की मिस्त्रीला दाखवायला काही उरत नाही.

सोलापुरात थंडी ती कसली, असं म्हणू नका. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे जो गारठा असतो, तेवढा प्री-चेंबरच्या इंजिनाला पुरतो. त्यात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या खोलीत पेटतं, आणि दाबलेल्या हवेची उष्णता त्या खोलीच्या गार भिंती पिऊन टाकतात. म्हणून ती खोली करंटवर तापवायला प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग. थेट इंजेक्शनच्या बऱ्याच जुन्या ट्रकांना हे प्लग नसतातच, तेव्हा आपल्या हेडवर ते आहेत ना, हे आधी बघून घ्या.

रात्री गाडी लावल्यावर बॅटरीचे टर्मिनल सोडवून पांढरा बुरा गरम पाण्याने धुवा, घासून परत घट्ट करा. इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची पट्टी हलवून बघा. ती सैल असेल तर सेल्फही मंद फिरतो आणि प्लगलाही करंट कमी पडतो. मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, सगळ्या प्लगना करंट देणाऱ्या पट्टीच्या नटांचे पाने, प्लगची गोटी (सॉकेट) आणि टॉर्च एका पिशवीत ठेवा. पहाटे सेल्फ मारण्याआधी बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली दिसली, तर आधी ती चार्ज करा. सेल्फ फिरताना १० च्या बरीच खाली गेली तर प्लगला दोष देऊ नका.

सायलेन्सरकडे बघायला घरातल्या कुणाला तरी उभं करा. सेल्फ मारताना पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. प्लगवर संशय घ्यायला जागा आहे. धूरच नसेल तर डिझेल येत नाही. मग डिझेलच्या लाइनवरचा हँडपंप मारून बघा, लाइनमध्ये हवा शिरली असेल.

डॅशबोर्डवरच्या कॉईलच्या, म्हणजे हीटर प्लगच्या, पिवळ्या दिव्यावर मात्र विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो टायमरवर चालतो. चारही प्लग मेलेले असले तरी वेळ झाली की विझतो. मी यात फसलोय. एका गॅरेजमध्ये चार नवे प्लग घातले, दुसऱ्या पहाटे गाडी तशीच. शेवटी टॉर्च मारून रिले, म्हणजे प्लगला करंट सोडणारा स्विच, बघितला, तर जाड वायरचा नट बोटाने फिरत होता आणि खालचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालं होतं. म्हणून आधी चावी हीटरवर ठेवून प्लगच्या पट्टीवर मीटर लावा. बॅटरीच्या जवळपास व्होल्ट आले तर रिले-फ्यूज ठीक. काहीच नाही आलं तर प्लगला हात लावायची गरज नाही.

पट्टीवर करंट येत असेल तर चावी बंद करून पट्टी काढा. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावून टोक एकेका प्लगच्या डोक्यावर टेकवा. लॅम्प लागला नाही, तो प्लग गेला. मीटरवर चांगला गार प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दिसतो, पण आधी मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा, नाहीतर स्वस्त मीटर फसवतो.

गेलेला प्लग काढायचं काम संध्याकाळी, गाडी बाहेरून आल्यावर, इंजिन कोमट असताना करा. बुडाशी गंज सोडवायचं तेल सोडून वाट बघा. अडला तर लांब पाइप लावून जोर करू नका, आत तुटला तर हेड उतरवावं लागतं. टोक फुगलेलं किंवा वितळलेलं निघालं तर त्याच सिलिंडरचा डिझेल फवारणारा नोझल तपासून घ्या, नाहीतर नवाही तसाच जाईल. दुकानात जुना प्लग सोबत न्या आणि व्होल्टचा आकडा जुळवून घ्या. ६ व्होल्टचा आणि ११ व्होल्टचा बाहेरून सारखेच दिसू शकतात.

एअर फिल्टरजवळ पेटती चिंधी धरणं किंवा स्टार्टिंग स्प्रे मारणं, यातलं काहीही घाईच्या पहाटेसुद्धा करू नका. तापलेल्या प्लगवर स्प्रे पडला की आत स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो. त्यापेक्षा एक जादा फ्यूज आणि योग्य नंबरचा एक प्लग चिंधीत गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.