रेडिएशन चालू असताना प्रतिकारशक्ती कशी सांभाळायची

कॅन्सरसाठी रेडिएशन सुरू होणार म्हटलं की पेशंटपेक्षा घरचेच जास्त घाबरतात, आता इम्युनिटी संपली, कोणाला भेटायचं नाही, कुठे जायचं नाही, आणि मग कोणीतरी सांगतं म्हणून बूस्टरच्या बाटल्या घरात यायला लागतात. खरं सांगायचं तर प्रतिकारशक्तीवर किती परिणाम होणार हे सगळ्यात जास्त एका गोष्टीवर ठरतं, ती म्हणजे किरण शरीराच्या कुठल्या भागावर पडणार. एकाला काहीच जाणवत नाही आणि दुसऱ्याचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, दर आठवड्याला खाली येतात, ते बरंचसं यामुळेच.

मोठ्या माणसात रक्ताच्या पेशी बनतात त्या मुख्यतः कंबरेच्या हाडांत, मणक्यांत, बरगड्यांत, छातीच्या मधल्या हाडात, कवटीत आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला. म्हणजे गर्भाशयमुख किंवा गुदाशयाच्या कॅन्सरसाठी ओटीपोटावर शेक (म्हणजे रेडिएशनच) असेल तर बोन मॅरोचा, म्हणजे हाडातल्या रक्तपेशी बनवणाऱ्या मगजाचा, बराच मोठा भाग त्यात येतो, आणि सोबत केमो असेल तर काउंट पडणार हे धरूनच चालायचं. नुसत्या स्तनावरच्या रेडिएशनमध्ये तेवढं सहसा होत नाही. हातापायावर तर फारच कमी.

म्हणून पहिल्या सीटिंगच्या आधीच डॉक्टरांना सरळ तीन गोष्टी विचारा : किरणांच्या भागात बोन मॅरो किती येतोय, केमो सोबत आहे का, आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, किती दिवसांनी करायची. केमो सोबत असेल तर बहुतेक ठिकाणी दर आठवड्याला करतात.

आता यात एक गंमत नाही पण समजून घेण्यासारखी गोष्ट आहे. बोन मॅरो अजिबात मध्ये येत नसला तरी लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, कारण त्या किरणांपुढे फारच नाजूक असतात, एक-दोन ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप) एवढ्या डोसनेही मरतात, आणि रोजच्या एका सीटिंगचा डोस साधारण १.८ ते २ ग्रे असतो (हल्ली काही ठिकाणी जास्त डोस देऊन कमी सीटिंगमध्ये संपवतात). मशीन चालू असताना त्या भागातून रक्त वाहत असतंच, आज थोडं, उद्या थोडं, असं पाच-सहा आठवडे चालतं. व्हायरसशी लढायचं काम मुख्यतः याच पेशी करतात. मेंदूवर रेडिएशन असेल तर सूज कमी करायला अनेकदा डेक्सामेथासोन देतात, त्या स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती आणखी दबते. स्टिरॉइड चार आठवडे किंवा जास्त चालणार असेल तर फुफ्फुसाच्या एका विशिष्ट इन्फेक्शनपासून बचावाची गोळी लागेल का, हे स्वतःहून विचारा, गर्दीच्या ओपीडीत हे राहून जाऊ शकतं.

रिपोर्ट हातात आला की फक्त टोटल डब्ल्यूबीसी (सगळ्या पांढऱ्या पेशी मिळून) बघून सुटकेचा श्वास सोडू नका. समजा डब्ल्यूबीसी ३२०० आहे, न्यूट्रोफिल (बॅक्टेरियाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ६० टक्के आणि लिम्फोसाइट २० टक्के. मग न्यूट्रोफिल झाले १९२० आणि लिम्फोसाइट ६४०. न्यूट्रोफिल साधारण १५०० च्या वर असले की ठीक, १००० च्या खाली गेले की डॉक्टर सावध होतात, ५०० च्या खाली म्हणजे इन्फेक्शनचा धोका खूपच जास्त. लिम्फोसाइट १००० च्या खाली म्हणजे कमी, पण रेडिएशनमध्ये हे बऱ्याच जणांचं होतं आणि नुसत्या त्यासाठी ट्रीटमेंट सहसा थांबवत नाहीत. ते वाढवायची कुठली गोळी नाही, जाहिरात काहीही म्हणो. न्यूट्रोफिल वाढवायचं इंजेक्शन असतं, पण केमो आणि रेडिएशन एकत्र चालू असताना, विशेषतः छातीच्या मधल्या भागावर शेक असेल तर ते शक्यतो टाळतात, त्यामुळे त्याचा आग्रह धरू नका.

तापाचं मात्र मी कितीही वेळा सांगेन. घरात चांगला डिजिटल थर्मामीटर ठेवा, आणि ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेलं की लगेच फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. सकाळी बघू असं करू नका, आणि आधी पॅरासिटामॉल देऊन मग वाट बघत बसू नका कारण त्याने ताप झाकला जातो आणि आतलं इन्फेक्शन वाढत राहतं. स्टिरॉइड चालू असेल तर ताप येणारही नाही कदाचित, मग थंडी वाजून येणं, दम लागणं, लघवीला जळजळ, अचानक गळून जाणं, पेशंट नेहमीसारखा बोलत नाहीये, यातलं काहीही ताप समजूनच कळवा. गुदद्वारातून ताप मोजू नका, काउंट कमी असताना तिथे जखम झाली तर महागात पडते.

लोक रक्ताकडे बघतात आणि त्वचा विसरतात. त्वचा आणि तोंडातलं आवरण हीच शरीराची पहिली भिंत, आणि रेडिएशन तिलाच भेगा पाडतं. दोन-तीन आठवड्यांनी त्वचा लाल व्हायला लागते, घडीच्या जागी जास्त, म्हणजे काख, स्तनाखाली, जांघेत. कोमट पाणी, सौम्य साबण, टॉवेलने घासायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि त्वचेवर केलेलं मार्किंग, म्हणजे किरणांच्या जागेच्या खुणा, पुसायचं नाही. त्वचा ओलसर होऊन सोलली, पू किंवा वास आला तर त्याच दिवशी टेक्निशियनला किंवा नर्सला दाखवा, ते रोज भेटतातच. मानेवर, तोंडावर शेक असेल तर सुरू व्हायच्या आधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या, काढायचा दात आधीच काढून जखम भरू द्या. नंतर काढला तर जबड्याचं हाड भरून येत नाही असंही होतं. मऊ ब्रश वापरा, आणि एक कप कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ घालून दिवसातून अनेकदा गुळण्या करा. अल्कोहोलवालं माउथवॉश नको. जिभेवर पांढरे चट्टे दिसले तर ते बुरशीचं इन्फेक्शन असू शकतं, औषधाने जातं.

खाण्यात फार बंधनं घालून पेशंटला उपाशी ठेवू नका, वजन उतरलं की प्रतिकारशक्तीही उतरते. नीट शिजवलेलं, ताजं, प्रोटीन भरपूर, फळं भाज्या स्वच्छ धुतलेल्या, दूध पाश्चराइज्ड, अंडं मांस कच्चट नाही, एवढं पुरे. अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या डोसच्या गोळ्या, म्हणजे व्हिटॅमिन ई, बीटा कॅरोटिन वगैरे, डॉक्टरांना न विचारता नकोच, कारण रेडिएशन ज्या मार्गाने कॅन्सरच्या पेशी मारतं तोच मार्ग त्याने अडू शकतो.

लस घ्यायची असेल तर शक्यतो सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी. फ्लूची इंजेक्शनवाली चालते, जिवंत जंतूंची लस या काळात नाही. घरच्यांनीही फ्लूची घ्यावी.

आणि इन्फेक्शनच्या भीतीने सीटिंग बुडवू नका. मान-घसा आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये ट्रीटमेंट लांबली तर प्रत्येक जादा दिवसामागे कॅन्सर आटोक्यात राहायची शक्यता साधारण १ टक्क्याने कमी होते असं धरतात. मास्क लावा, हात धुवा, सर्दीवाल्यापासून लांब राहा, पण जा. बाहेरून किरण देतात त्यात पेशंट रेडिओअॅक्टिव्ह होत नाही, नातवंडांना खुशाल जवळ घ्या. आयोडीन १३१ हे रेडिओअॅक्टिव्ह औषध दिलं असेल तर मात्र हॉस्पिटलने सांगितलेले दिवस लांब राहावं लागतं.

एक चांगली बाजूही आहे. कॅन्सरच्या पेशी किरणांनी फुटल्या की त्यांचे तुकडे बघून प्रतिकारशक्ती कधी कधी जागी होते, इतकी की जिथे शेक दिलाच नाही तिथली गाठही लहान होते. १९५३ मध्ये मोल नावाच्या डॉक्टरांनी याला अॅब्स्कोपल परिणाम असं नाव दिलं. हे फार क्वचित होतं, त्यावर आशा बांधू नका. पण रेडिएशन आणि इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध चेतवणारी औषधं) एकमेकांना पूरक ठरू शकतात हे नक्की, ऑपरेशन होऊ न शकणाऱ्या तिसऱ्या स्टेजच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये केमो-रेडिएशननंतर ड्युरव्हालुमॅब हे असंच औषध देण्याचा फायदा २०१७ च्या पॅसिफिक नावाच्या ट्रायलमध्ये दिसला. असं औषध चालू असेल तर जुलाब किंवा खोकला हा इन्फेक्शनऐवजी जादा चेतलेल्या प्रतिकारशक्तीचाही असू शकतो, म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी त्या औषधाचं नाव आधी सांगा.

शेवटची सीटिंग झाली की काउंट दुसऱ्या दिवशी वर येत नाहीत. न्यूट्रोफिल काही आठवड्यांत सावरतात, लिम्फोसाइटला महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त, तोपर्यंत तापाचा नियम तोच. छातीवर शेक झाला असेल तर पुढच्या एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, दम आणि बारीक ताप आला तर ती फुफ्फुसाची रेडिएशनमुळे आलेली सूज असू शकते, तिला अँटिबायोटिक नाही तर बहुधा स्टिरॉइड लागतं, त्यामुळे जवळच्या दवाखान्यात दाखवताना रेडिएशनची फाईल सोबत न्या.