स्टॅम्पवरची फारकत नको, मीडिएशनला बसा

आपल्याकडं नवरा-बायकोचं जमंना झालं की आधी बैठक बसते, दोन्हीकडचे दहा-पंधरा पाव्हणे, गावातले दोन मोठे माणसं, आरडाओरडा आणि शेवटी स्टॅम्पपेपरवर फारकत. कळकळीनं सांगते, हिंदू विवाह कायद्यात अशा कागदानं घटस्फोट होत नाही (काही समाजांची रूढी कायदा मानतो, पण ती कोर्टात शाबित करावी लागते), आणि त्या कागदाच्या भरोशावर दुसरं लग्न केलं तर गुन्हा दाखल होऊ शकतो.

वेगळं व्हायचं दोघांचंही पक्कं असंल तर मीडिएशन करा, म्हणजे त्रयस्थ माणसाला मधी बसवून बोलणी आणि समझोता. केस टाकलेली नसली तरी चालतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस बहुतेक कोर्टाच्या आवारातच असतं, तालुक्याला समिती असते, तिथं साधा अर्ज द्यायचा, नाहीतर 15100 ला फोन करून विचारायचं. बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला वकील मोफत मिळतो. केस आधीच चालू असंल तर जजसाहेबांना सांगा, मीडिएशनला पाठवा म्हणून.

मीडिएटर निकाल देत नाही, दोघांशी सोबत आणि मग एकेकाशी वेगळं बोलतो, आणि तिथं बोललेलं पुढं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही, म्हणून मन मोकळं करून बोला. मामा-काका-मेहुण्यांना बाहेर बसवा, माझं तर मत आहे निम्मी भांडणं त्यांच्या इज्जतीचीच असतात. पण मारहाण होत असंल, जिवाची भीती असंल तर आधी 112 (पोलीस) किंवा 181 (महिला हेल्पलाइन) ला फोन, तडजोडीचं नंतर बघू.

जायच्या आधी यादी करा, तोंडी काही ठेवू नका. आंदणातली भांडीकुंडी, कपाट, गाडी, सोनं किती तोळे आणि सध्या कुणाकडं, सगळं लिहा. स्त्रीधन बाईचंच असतं, ते पोटगीच्या रकमेत धरू देऊ नका. पैशाची तारीख हा खरा घोळ आहे. "सोयाबीन विकल्यावर देतो" असं लिहून घेतलं की भाव पडला म्हणून दोन वर्षं निघून जातात, त्यापेक्षा माल दिवाळीच्या आसपास निघतो हे धरून पक्की तारीख आणि बँक खात्याचा नंबर टाका, शेवटचा हप्ता कोर्टातल्या शेवटच्या तारखेच्या आत.

लेकराचं तर बारीकसारीक लिहा, शाळेची फी कोण भरणार, दिवाळीची सुट्टी कुणाकडं, घ्यायला-सोडायला कोण येणार. लेकराच्या खर्चाचा हक्क मायनं सोडून दिला असं वाक्य टाकू देऊ नका.

समझोत्यावर सह्या झाल्या म्हणजे संपलं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब खाली (दोघांच्या संमतीनं घटस्फोट) दोघांनी मिळून अर्ज करायचा, त्याआधी वर्षभर वेगळं राहिलेलं पाहिजे, अर्जानंतर सहा महिने थांबा. सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या निकालानं हे सहा महिने योग्य केसमध्ये माफ होतात, वकिलाला नक्की विचारा. 498अ ची (नवरा-सासरच्यांनी छळ केल्याची, 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेचं कलम 85) केस असंल तर ती आपापसात मिटली म्हणून बंद होत नाही, ती रद्द करायला हायकोर्टात, आपल्या भागासाठी छत्रपती संभाजीनगर खंडपीठात, जावं लागतं, आणि त्यासाठी बाई सहकार्य करील हे समझोत्यातच लिहा. डिक्री (घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम) झाली की दोघांनीही सर्टिफाइड नक्कल काढून घ्या, पासपोर्टला, बँकेत, दुसऱ्या लग्नाच्या नोंदणीला तीच मागतात.