सॉफ्टनर आणि आरओ घेण्याआधीची तयारी

उन्हाळा लागला की वाघोली, उंड्रीसारख्या पुण्याच्या कडेच्या भागांत बोअर आणि टँकरवर दिवस काढावे लागतात. नळाच्या जाळीवर पांढरे थर चढतात, गिझर पाणी तापवायला वेळ लावतो, डाळ दोन शिट्ट्या जास्त मागते आणि केस धुतले तरी चिकट राहतात. मग घरात ठरतं, पाण्याचा जडपणा घालवणारं यंत्र, म्हणजे सॉफ्टनर बसवायचा. जरूर बसवावा. पण विक्रेत्याला घरी बोलावण्याआधी काही कामं स्वतः उरकून ठेवली, तर पैसे योग्य जागी खर्च होतात.

सगळ्यात आधी आपल्या पाण्याचं दुखणं नेमकं कोणतं ते ओळखा. जडपणा वेगळा आणि टीडीएस वेगळा. जडपणा म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. टीडीएस म्हणजे विरघळलेले सगळेच क्षार, त्यात साधं मीठही आलं. सॉफ्टनरमधलं रेझिन, म्हणजे बारीक मण्यांचा थर, कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. त्यामुळे साबणाला फेस येतो, थर बसत नाहीत, पण टीडीएस जवळपास होता तेवढाच राहतो. म्हणून पेनासारखं टीडीएस मीटर पाण्यात बुडवून कोणी ‘तुमचं पाणी जड आहे’ म्हणालं, तर त्या आकड्यावरून जडपणा कळत नाही हे लक्षात असू द्या. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात तर पाणी मुळातच खारं. तिथे सॉफ्टनर लावून खारटपणा तसूभरही कमी होणार नाही.

तेव्हा पुढचं काम पाणी तपासून घेण्याचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळाही आहेत. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकची लिटरभराची बाटली घ्या, तिला साबण लावू नका, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा. त्याआधी नळ थोडा वेळ वाहू द्या. जंतूंच्या तपासणीला मात्र घरची बाटली चालत नाही. प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली आणावी, भरली की बर्फात ठेवावी आणि त्याच दिवशी पोचवावी. सोसायटीच्या हौदात धरणाचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकत्र होत असेल, तर नमुना कोणत्या दिवशीचा ते बाटलीवर लिहा. धरणाचं पाणी सहसा मऊ असतं, त्यामुळे पावसाळ्यात घेतलेल्या नमुन्यावरून मे महिन्याचा अंदाज बांधता येत नाही. जमल्यास उन्हाळ्यातलाच नमुना द्या, कारण यंत्र त्याच पाण्यासाठी घ्यायचं आहे.

अहवाल हाती आला की आयएस 10500 या भारतीय मानकाचे आकडे शेजारी ठेवून वाचा. एकूण जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. टीडीएससाठी हेच आकडे 500 आणि 2000. नायट्रेट 45 च्या वर अजिबात नको. फ्लोराइड 1 च्या आत असावं, पर्याय नसेल तर 1.5. नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त निघालं तर ते आधी हाताळा, केसांचं आणि गिझरचं नंतर. या दोन्हींवर घरगुती सॉफ्टनर काही करत नाही आणि उकळूनही ती जात नाहीत, उलट पाणी आटल्यामुळे प्रमाण थोडं वाढतंच.

आता हिशेब. हा कागदावर कराच, कारण सॉफ्टनर लहान घ्यायचा की मोठा हे इथेच ठरतं. माणशी रोज 135 लिटर धरले तर चौघांच्या घराला 540 लिटर लागतात. अहवालात जडपणा 500 असेल तर प्रत्येक लिटरमध्ये अर्धा ग्रॅम जडपणा, म्हणजे दिवसाला 270 ग्रॅम. एक लिटर रेझिन साधारण 50 ग्रॅम जडपणा धरतं. 25 लिटर रेझिनचं यंत्र घेतलं तर 1250 ग्रॅमची ताकद, म्हणजे साडेचार दिवसांनी रेझिन भरणार आणि त्याला मिठाच्या पाण्याने धुवावं लागणार. एका धुण्याला तीन ते चार किलो मीठ, म्हणजे महिन्याला वीस ते पंचवीस किलो. ही गोणी आणणार कोण, ठेवणार कुठे, हे आजच ठरवा. मीठ स्वच्छ हवं. माती असलेल्या स्वस्त खड्यांनी यंत्राच्या मिठाच्या टाकीच्या तळाशी गाळ बसतो.

जागा आणि नळजोडणी बघायला आपला नेहमीचा प्लंबर बोलवा. गच्चीवरची टाकी दहा मीटर उंच असली की जेमतेम एक किलो प्रेशर मिळतं. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर त्याच्या निम्मंही मिळत नाही. स्वयंचलित यंत्रांना बहुधा दीड किलोच्या आसपास लागतं, म्हणजे वरच्या मजल्यावर प्रेशर पंपाचा खर्च आलाच. यंत्राशेजारी विजेचा पॉइंट, सांडपाण्याची वाट आणि बायपास व्हॉल्व्ह हवा. बायपास नसेल तर यंत्र बिघडल्यावर अख्ख्या घराचं पाणी बंद होतं. मिठाचं सांडपाणी बागेत किंवा सेप्टिक टँकमध्ये सोडायचं नाही, सोसायटीला आधी विचारून घ्यावं. सगळ्यांचं एकमत होत असेल तर पंपरूममध्ये एकच मोठा प्लांट बसवणं मला जास्त बरं वाटतं. देखभाल एकाच जागी होते.

दोन नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळे काढून घ्या. एक बाल्कनीतला, कारण सोडियम झाडांना सोसत नाही. दुसरा स्वयंपाकघरातला. 500 जडपणा काढताना लिटरमागे सुमारे 230 मिलिग्रॅम सोडियम पाण्यात उतरतं. घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर हे पाणी पिण्यात-स्वयंपाकात नको, डॉक्टरांनाही विचारा.

पिण्याच्या पाण्याचा निर्णय अहवालावरूनच घ्या. टीडीएस 500 च्या आत, नायट्रेट-फ्लोराइड ठीक आणि चिंता फक्त जंतूंची असेल, तर गाळ अडवणारी जाळी, कार्बन आणि जंतू मारणारे यूव्ही, म्हणजे अतिनील किरण, पुरे. यूव्हीला पाणी नितळ लागतं, गढूळ पाण्यात किरण पोचत नाहीत. टीडीएस बराच वर असेल तर आरओ, म्हणजे मेंब्रेन नावाच्या बारीक पडद्यातून पाणी गाळून क्षार काढणारं यंत्र. त्यात एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर पडतं, ते साठवायला बादली आणि नळीची सोय आधी करा. फरशी आणि संडासाला ते चालतं.

विक्रेता घरी आला की दोन पेल्यांत सळया बुडवून वीज सोडेल, नळाचं पाणी तपकिरी होईल आणि आरओचं तसंच राहील. घाबरू नका. तो रंग लोखंडी सळईच्या गंजाचा आहे. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज नीट वाहत नाही आणि सळई गंजत नाही. पाणी दूषित असल्याचा तो पुरावा नव्हे. आपला अहवाल त्याच्यापुढे ठेवा आणि लेखी मागा: रेझिन किती लिटर, एका धुण्याला मीठ आणि पाणी किती, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा जडपणा किती राहील, मेंब्रेन आणि कार्बन कधी बदलायचे, त्याचे दर काय.

यंत्र बसायच्या आदल्या रविवारी नळांच्या जाळ्या काढून कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून तासभर बुडवा. बारीक बुडबुडे येत थर सुटतात, उरलेला जुन्या टूथब्रशने निघतो. गिझरची कॉइल इलेक्ट्रिशियनकडून उतरवून साफ करून घ्या. जडपणा मोजायचं थेंबांचं किट आणून ठेवा, त्याने दर पंधरवड्याला सॉफ्टनरनंतरचं पाणी तपासा. आकडा चढायला लागला तर आधी मिठाची टाकी बघा, मग मेकॅनिकला फोन करा.